हापशी, फवारणी पंप, संडास, चूल: गावातल्या वस्तूंची घडण नेमकी कोणाच्या सोयीची?

वर्धेकर

ग्रामसभेचे दिवस आले की आराखड्यात हापशी, शौचालय, सुरक्षा किट, धूरविरहित चूल हे शब्द भराभर लिहिले जातात. अंदाजपत्रकात रक्कम असते, पण वस्तूची उंची, वजन, वायसर, उतार यातलं काही नसतं. मग वस्तू गावात येते, दोन उन्हाळ्यांत कोपऱ्यात पडते आणि ठपका येतो 'लोकांना वापरता येत नाही' यावर.

माझ्या मते बहुतेक वेळा दोष घडणीचा असतो. वस्तू कोण वापरणार हे तरी कोणीतरी विचारतं, पण ती बिघडल्यावर कोण उघडणार, कोणत्या पान्याने आणि कोणत्या महिन्यात, हे कोणी विचारत नाही. वर्ध्यात १९३८ साली मगन संग्रहालय उभं राहिलं ते याच विचारातून: अवजार सुधारायचं तर ते ज्याच्या हातात जाणार त्याच्या हाताने मोजायचं.

सुरुवात हापशीपासून करू, कारण तिथे हे काम खरोखर जमलेलं आहे. आधी गावोगावी जे ओतीव लोखंडाचे पंप बसवले ते परदेशी घरगुती नमुन्याचे होते, एका कुटुंबाने दिवसातून थोडं पाणी काढावं अशा बेताने घडलेले. त्यांच्यावर अख्खा मोहल्ला लोटला. खिळीची भोकं लंबगोल झाली, दांडा तिरपा ओढू लागला, आतलं चामडं एका बाजूने झिजलं. जालना आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनच्या कारागिरांनी पोलादी पंप करून पाहिले. सोलापूरच्या नमुन्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने इंडिया मार्क २ तयार झाला.

त्यातली खरी करामत साखळीत आहे. हँडलच्या टोकाला कमानीसारखा पोलादी तुकडा असतो आणि साखळी त्यावरून गुंडाळत जाते. हँडल कसंही वर-खाली झालं तरी साखळी कमानीवरून एकाच रेषेत सुटते, म्हणून खाली पाण्यापर्यंत गेलेली सळई सरळ उभीच ओढली जाते आणि खालचं वायसर चारी बाजूंनी सारखं झिजतं. तीस-चाळीस मीटर खाली, डोळ्यांना न दिसणारा भाग टिकावा म्हणून वर हातभर साखळी. याला मी विचारपूर्वक घडण म्हणतो.

पाना१७१९

वर्धेकर, बरोबर. त्यात थोडी भर घालतो.

नाव घेतलंय तोच पाना: मार्क २ चं डोकं उघडायला १७-१९ चा पाना बहुतेक ठिकाणी पुरतो. हँडलचे बॉल बेअरिंग बंद प्रकारचे, त्यांना वंगण लागत नाही. ग्रीस लागतं ते फक्त साखळीला, महिन्यातून एकदा. समोरचं झाकण काढायचं, हँडल वर करून साखळी मोकळी दिसू द्यायची, बोटाने ग्रीस चोपडायचं आणि त्याच वेळी चेकनट घट्ट आहे का ते पाहायचं. काम दहा मिनिटांचं. हे काम गावातली कोणतीही बाई करू शकते, तिला फक्त पाना मिळाला पाहिजे. तो मात्र पंचायतीच्या कपाटात कुलूपबंद असतो, ही आपल्याकडची रीत.

पाण्याचा हिशोब असा: सिलिंडरचा (पाइपाच्या खालच्या टोकाचा नळा, ज्यात वायसर लावलेला दट्ट्या वर-खाली होतो) आतला व्यास ६३.५ मिमी, दट्ट्याची चाल १२५ मिमी. म्हणजे एका हापशाला साधारण ४०० मिली. ४० हापशांत १५ लिटरची बादली भरली पाहिजे. याहून फार कमी भरली तर वायसर गेलं किंवा पाइपाच्या जोडातून पाणी परत गळतंय. कोणतं ते ओळखायची युक्ती: पंप अर्धा तास न चालवता ठेवा. पहिलं पाणी यायलाच वीस-पंचवीस हापशे लागले तर खालची झडप किंवा पाइप गळतोय. पाणी लगेच आलं पण धार बारीक असेल तर दट्ट्याचं वायसर झिजलंय.

आता मार्क २ ची दुखरी बाजू. सिलिंडर ३२ मिमीच्या पाइपापेक्षा रुंद, त्यामुळे तो पाइपातून वर येत नाही. एवढ्याशा वायसरसाठी सगळा पाइप उपसावा लागतो. तीस मीटरचा हिशोब करा: पाइप मीटरला तीन किलोच्या वर, म्हणजे ९३ किलो, १२ मिमीच्या सळया २७ किलो, पाइपात पाणी अडकलेलं असेल तर आणखी तीसेक किलो. दीडशे किलो झाले. तिपाई, शिकंजे, चार-पाच गडी आणि तालुक्याची गाडी. मे महिन्यात ती गाडी कधी येते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मार्क ३ हे त्यावरचं उत्तर. त्यात पाइप ६५ मिमीचा, सिलिंडरपेक्षा रुंद. त्यामुळे फक्त सळया ओढायच्या, दट्ट्या आणि खालची झडप दोन्ही पाइपातूनच वर येतात. दोन माणसं, दोन पाने, तास-दीड तास. महाग आहे, पाइप जवळपास दुप्पट जड आहे, बसवताना त्रास होतो. पण बसवणं एकदाच असतं.

पराटी

पाना भाऊ, मंग आमच्या गावात अजून मार्क २ च काहून बसवते? आन् दुसरं, आमच्या इकडच्या एका हापशीची साखळी सारखी ढिली पडते, खडखड वाजते. दोनदा बदलली म्हने. मिस्त्री म्हनते लोकं जोरात हापसते.

पाना१७१९

पराटीभाऊ, पहिल्याचं उत्तर सोपं आहे: बसवण्याची किंमत निविदेत दिसते, दुरुस्तीची दिसत नाही.

दुसऱ्याचं: तुमच्या हापशीत पाणी वर असेल, दहा-पंधरा मीटरवर, आणि पाइपही तेवढाच उतरवलेला असेल. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या वजनाने. सळया कमी असल्या तर वजन पुरत नाही, दट्ट्या हळू उतरतो, हँडल आधी वर जातं आणि साखळीला झोल पडतो. पुढच्या हापशाला तिला हिसका बसतो. लोकांचा जोर हे कारण नाही, ही पंपाची निवड चुकली. अशा उथळ जागी साखळीऐवजी घन दुवा (न वाकणारा पोलादी तुकडा) बसवतात. साखळी पुन्हा बदलून उपयोग नाही.

एक मात्र खरं की आखूड हिसके देऊन हापसलं तर सिलिंडर मधल्या मध्येच घासतो. पूर्ण लांब, सावकाश हापसा घ्यावा.

आरोग्यसेविका_दारव्हा

हापशीच्या ओट्याचा विषय सुटू नये. लोकांच्या पोटात जाणारी घाण बहुतेक वेळा ओट्यावरून जाते, बोअरमधून नाही. ओटा पंपाच्या बुडाशी तडकला की सांडलेलं पाणी केसिंगच्या (बोअरच्या बाहेरच्या पाइपाच्या) कडेने सरळ खाली. ओट्याला कड हवी, उतार एकाच बाजूला हवा आणि नाली किमान पाच-सहा मीटर लांब नेऊन शोषखड्ड्यात किंवा कोणाच्या परसबागेत सोडावी. नाली ओट्यापाशीच संपवली तर तिथे डबकं, मग डुकरं, मग डास. संडासाचा खड्डा हापशीपासून दहा मीटरच्या आत नको.

यवतमाळ, चंद्रपूर भागात आणखी एक: काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पंप कितीही चांगला असला तरी अशा बोअरवर पाटी हवी की हे पाणी धुण्या-भांड्याला, पिण्याला नाही. शब्दांपेक्षा रंग बरा, अख्खं डोकंच लाल रंगवा. लहान मूल पाटी वाचत नाही.

बांधावरचा

माफ करा, पण हे सगळं जरा शहरी वाटतंय. 'डिझाइन' म्हणायचं आणि पैशाचा प्रश्न बाजूला ठेवायचा. गावात वस्तू मरतात त्या देखभालीला पैसा नसतो म्हणून. घडण कितीही चांगली करा, ग्रामपंचायतीकडे वायसर घ्यायला शंभर रुपये नसतील तर काय?

वर्धेकर

बांधावरचे, पैशाचं अमान्य नाही. पण कोणत्या कामाला किती पैसा लागणार हे घडणीतच ठरतं. त्याच वायसरसाठी एका पंपाला गाडी आणि पाच गडी, दुसऱ्याला गावातले दोघं. शंभर रुपये पंचायतीत निघतात. गाडीची वाट पाहण्यात मे जातो. आणि जिथे पैशाचा संबंधच नाही अशी उदाहरणंही आहेत. फवारणी पंप बघा, तो शेतकरी स्वतःच्या खिशातून घेतो, नवा घेतो, तरी अंगावर गळतो.

कपाशी_यवतमाळ

फवारणीवर मी लिहितो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. तेव्हा चर्चा औषधांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पंपाच्या घडणीकडे मात्र कमी लोकांनी पाहिलं.

पाठीवरचा बॅटरी पंप १६ लिटरचा. भरल्यावर २१-२२ किलो. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १२-१३ टाक्या. म्हणजे एका एकरात तेवढ्या वेळा हे वजन जमिनीवरून उचलून पाठीवर घ्यायचं. उचलताना टाकी कलंडते आणि गळती तिथेच होते, झाकणातून. झाकणाला हवा आत यायला बारीक छिद्र असतं, त्याखाली पातळ रबरी झडप. ती झडप नखाएवढी. धुताना हरवते, कोणी लक्ष देत नाही आणि मग प्रत्येक उचलीला चमचाभर द्रावण मानेवरून पाठीत. पाठीवरचा सदरा सुती, तो ते धरून ठेवतो. पट्टेही सुती असतील तर विचारूच नका, ते आठवडाभर औषध मुरवून ठेवतात. पट्टे नायलॉनचे आणि किमान दोन इंच रुंद हवेत.

उपाय महाग नाहीत. बांधावर अडीच फुटांचा ओटा किंवा दगडांचा ढीग करा, टाकी त्यावर ठेवूनच भरा आणि तिथूनच पाठ लावून घ्या. वाकणं नाही, कलंडणं नाही. झाकणाची झडप आणि वायसर हंगामाच्या सुरुवातीलाच दोन-दोन घेऊन ठेवा. पाठ आणि पंप यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा बांधा, खताची पोती आतल्या पातळ पिशवीसह मिळतात त्यातली ती आतली पिशवी, स्वच्छ धुऊन.

दुसरा घोळ प्रमाणाचा. पेट्रोलच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं म्हणून त्याच्या टाकीत औषधाचं प्रमाण साध्या पंपाच्या तिप्पट सांगितलेलं असतं. तेच प्रमाण कोणी बॅटरी पंपाच्या टाकीत घातलं की एकरी औषध तिप्पट. दुकानदार 'पंपाला इतकं' असं सांगतो, कोणत्या पंपाला ते सांगत नाही. मापाचं झाकण टाकीलाच साखळीने बांधलेलं आणि दोन्ही पंपांसाठी दोन वेगळ्या रंगांच्या रेघा असलेलं असावं, इतकी साधी गोष्ट अजून सर्रास मिळत नाही.

तिसरं, नोझल. कचऱ्याने तुंबलं की माणूस ते तोंडाने फुंकतो. त्याला अडाणी म्हणून मोकळं होता येतं. पण त्याच्या जागी उभं राहा: हातात ओले हातमोजे, तार घातली तर भोक मोठं होतं, ब्रश पंपासोबत दिलेला नाही. विहिरीचं गाळमिश्रित पाणी घेताना टाकीच्या तोंडाला जाळी असते, पण तिच्यामुळे टाकी लवकर भरत नाही म्हणून ती काढून फेकलेली. जाळी खोल आणि रुंद असती तर कोणी काढली नसती. तूर्तास पातळ सुती कापडाने पाणी गाळून घ्या, दातांचा जुना ब्रश पट्ट्याला बांधून ठेवा आणि दोन नोझल खिशात ठेवा. तुंबलं की बदला, साफ नंतर करा. कीडनाशकाला पोकळ शंकूचं नोझल, तणनाशकाला पंख्याचं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, कपाशीला त्याचा वासही सहन होत नाही.

पराटी

लोकं म्हनते धूर निंघाला पायजे, धुक्यावानी उडलं पायजे, तवाच कीड मरते. म्हनून दाब वाढवते.

कपाशी_यवतमाळ

भाऊ, तो 'धूर' म्हणजेच हवेत तरंगणारे अतिबारीक थेंब. ते पानावर बसत नाहीत, तुमच्या नाकात जातात. पान ओलं दिसलं आणि थेंब खाली टपकायला लागण्याआधी हात पुढे गेला, एवढं पुरे.

ऑक्टोबरात कपाशी डोक्याएवढी असते. लान्स (नोझलची लांब नळी) समोर धरून चाललं तर आपण नुकत्याच फवारलेल्या ओल्या झाडांतून अंग घासत जातो. लान्स वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि जरा मागे धरा, वारा आडवा घ्या. आणि घडण पंपाचीच असते असं नाही, शेताचीही असते. लागवडीच्या वेळीच दर आठ-दहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडली तर ऑक्टोबरात माणसाला चालायला वाट राहते. बियाणं थोडं कमी जातं, झाडं फवाऱ्याच्या टप्प्यात राहतात.

आरोग्यसेविका_दारव्हा

किटबद्दल. सरकारी किटमधला तो पूर्ण झगा ३५ अंशांच्या वर, दमट हवेत अर्धा तासही अंगावर राहत नाही, आणि तो न घालणाऱ्याला निष्काळजी म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा छातीपासून नडगीपर्यंत पुढून बांधायचा जलरोधक एप्रन बरा, कारण कपाशीत सगळ्यात जास्त भिजतात त्या मांड्या आणि पोटऱ्या. पाठ उघडी राहते, तिथे वर सांगितलेलं प्लास्टिक. हातमोजे नायट्राइलचे; कापडी मोजे औषध हाताला चिकटवून ठेवतात. काढताना आधी मोजे घातलेलेच हात साबणाने धुवा, मग मोजे काढा. फवारणी सकाळी अकराच्या आत किंवा चारनंतर.

बायांकडे कोणी पाहत नाही. टाकी भरायला पाणी आणणारी, द्रावण कालवणारी, संध्याकाळी ते कपडे धुणारी बाईच असते आणि किट एकच, तेही पुरुषाच्या मापाचं. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळ्या बादलीत.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, तोंडाला लाळ, घाम, मळमळ, हातापायांना थरथर: यातलं काही दिसलं की कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि सरळ दवाखाना. औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, डॉक्टरला उतारा त्यावरून ठरवायचा असतो. दूध, लिंबू, उलटी काढणं यात वेळ घालवू नका.

बांधावरचा

मान्य. पंपाबाबत मी म्हणणं मागे घेतो. संडासाबाबत नाही. काळ्या मातीत दोन खड्ड्यांचा संडास चालतच नाही, पावसाळ्यात भरून येतो. म्हणून लोक दहा बाय दहाची टाकी बांधतात.

वर्धेकर

चालतो, पण पुस्तकातलं मुरमाड जमिनीचं चित्र जसंच्या तसं उतरवलं तर नाही. चिकण काळी माती पाणी फार हळू शोषते, आणि उन्हाळ्यात भेगा पडून पावसाळ्यात फुगताना विटांचा कठडा दाबते. त्यासाठी खड्ड्याभोवती एक फुटाचा रेतीचा वेढा द्यावा लागतो. माप असं: आतला व्यास १ मीटर, चार इंची विटकाम धरून बाहेरून १.२३ मीटर, वेढा दोन्ही बाजूंनी ३० सेंमी. म्हणजे खोदाई सुमारे १.८५ मीटर व्यासाची. आतली खोली पाइपाच्या तोंडाखाली १ मीटर आणि वर फूटभर. वेढ्यात जाड रेती, विटांचे तुकडे, गिट्टी. बारीक रेती नको, ती भोकांतून आत येते. एकाआड एक थरात विटांमध्ये दोन बोटांची फट ठेवायची, पाइपाच्या वरचे थर मात्र बंद. गवंडी सफाईदार दिसावं म्हणून आतून गिलावा मारतो, तिथेच खड्डा मेला. झाकण जमिनीपासून चार बोटं वर, भोवती माती चोपून, नाहीतर पावसाचं पाणी आत. भूजल खड्ड्याच्या तळापासून पावसाळ्यातही दोन मीटर खाली असावं.

मोठी टाकी कधी भरत नाही असं वाटतं, पण भरते, आणि त्या दिवशी आतलं सगळं ओलं, ताजं असतं. ते काढायला माणूस उतरवणं कायद्याने गुन्हा आहे आणि विषारी वायूने जीव जातो. दोन खड्ड्यांत दरडोई वर्षाला ४५ लिटर गाळ धरला तर पाच माणसांच्या घराला एक खड्डा साडेतीन वर्षं पुरतो. मग चेंबरमध्ये (भांड्याकडून आलेला पाइप जिथे दोन खड्ड्यांकडे फुटतो तो छोटा हौद) त्याचं तोंड वीट आणि मातीने बुजवायचं, दुसरं उघडायचं. दीड-दोन वर्षांनी पहिल्यातून निघतं ते भुसभुशीत खत, फावड्याने काढता येतं. सगळ्यात जास्त घरांत चूक इथे आहे: चेंबरच नाही, दोन्ही खड्डे एकदम चालू.

आणि भांडं. शहरातलं चकचकीत भांडं घेतलं की त्याला पाच-सहा लिटर पाणी ओतावं लागतं. ग्रामीण भांड्याला तीव्र उतार आणि त्याच्या कोंबडीमानेत (वास अडवणाऱ्या वाकड्या नळीत) पाणी फक्त २० मिमी. दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. चकचकीत भांड्यामुळे खड्ड्यात तिप्पट पाणी जातं, आणि मग दोष काळ्या मातीला. आंघोळीचं पाणीही त्यात सोडू नका.

म्हाताऱ्यांसाठी बसल्यावर उजव्या हाताशी भिंतीत एक आडवा पाइप बसवा. थोडक्या पैशाचं काम आहे, पण कोणत्याच अंदाजपत्रकात नसतं.

चुलीजवळची

चुलीवर थोडक्यात. सुधारित चुली विदर्भात का पडून राहिल्या याचं कारण पऱ्हाट्या. आमचं सरपण कपाशीच्या पऱ्हाट्यांचं, चार-पाच फूट लांब, वाकडं. साध्या चुलीत ती लांबच लावतात आणि जळेल तशी आत सरकवतात. सुधारित चुलीचं तोंड आखूड, नीट कापलेल्या लाकडासाठी. मग पऱ्हाट्या तोडत बसायचं काम बाईचं वाढलं. ती काय करते? विळ्याने चुलीचं तोंड कोरून मोठं करते, झालं, धूर परत घरात. दुसरं, वैलासारखं (चुलीच्या जोडचुलीसारखं) मागचं भोक तापायला वेळ लागतो, भाकरीला ते चालत नाही. धुराडं चार इंची असलं तरी महिन्यात काजळीने तुंबतं आणि छपरावर चढून ते साफ करणं बाईकडून अपेक्षित नसतं. धुराड्याला खाली, हाताच्या उंचीवर, उघडता येणारी टोपी ठेवली असती तर अर्धा प्रश्न सुटला असता. चुलीचं तोंड ठरवायला माप पऱ्हाटीच्या मुठीचं घ्या: चार-पाच पऱ्हाट्या एकत्र धरल्यावर जेवढा जाडावा होतो तेवढं तोंड, आणि बाहेर टेकवायला समोर वीतभर लांब ओटी.

वर्धेकर

येत्या ग्रामसभेसाठी हापशीच्या कामाचा मजकूर मी असा सुचवतो, कोणाला बदल असेल तर सांगा: 'खोली वीस मीटरच्या वर असेल तेथे मार्क ३ प्रकारचा पंप, ६५ मिमी पाइपासह. उथळ बोअर असल्यास साखळीऐवजी घन दुवा. नायट्राइल वायसरचे दोन जादा संच, १७-१९ चा पाना आणि ग्रीसचा डबा हे सर्व पंपाच्या किमतीत. पाना ग्रामपंचायतीत नव्हे, पंपाजवळच्या घरात ठेवावा. गावातील दोन महिला व दोन पुरुषांसमोर दट्ट्या एकदा काढून पुन्हा बसवून दाखविल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये.'

पाना१७१९

'फ्लोराइड तपासणी अहवाल जोडावा' हे घाला. आणि ४० हापशांत १५ लिटरची चाचणी त्याच दिवशी, लोकांसमोर.

पराटी

आन् नालीचा उतार लिहाचा राह्यला ना भाऊ. मीटरले दोन-तीन सेंमी तरी लिवा, नायतं ठेकेदार सपाट करून जाते.